व्यायामानंतरची भाकरी

आत्याने माझा व्यायामाचा कागद शेवटपर्यंत वाचला, त्याची घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवला.

"हे मला जमणार नाही," ती म्हणाली. "का जमणार नाही ते आज तुला सांगते. फिजिओथेरपिस्ट म्हणून नको, भाची म्हणून ऐक."

आषाढातला रविवार होता, लष्कर बोनालूच्या सणाचा. इथले जुने लोक सिकंदराबादला अजूनही लष्करच म्हणतात. ढोलांचा आवाज पश्चिम मारेडपल्लीच्या गल्ल्यांतून आदल्या रात्री उशिरापर्यंत येत होता आणि आत्याचा डोळा लागला नव्हता. तिची झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तिचे हातपाय उचलत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी नेमका तोच दिवस निवडला, कारण सुट्टी माझी होती. चुकीची सुरुवात तिथूनच झाली.

आत्याला ल्युपस आहे. २००१ मध्ये, तिच्या तेहतिसाव्या वर्षी निदान झालं. त्याआधी दोन वर्षं ती सांधे दुखतात, बारीक ताप येतो, गालांवर लाली चढते म्हणून या दारातून त्या दारात फिरत होती आणि 'मनाला लावून घेऊ नका' हे उत्तर घेऊन परत येत होती. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते असा हा आजार. सांधे, कातडी, मूत्रपिंड, रक्त, फुप्फुसाचं आवरण, कशालाही धरतो. दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि सुरुवात बहुधा ऐन उमेदीच्या वयात होते. त्यांना विचारा, सगळ्यात जास्त काय छळतं? दुखण्याच्या आधी बऱ्याच जणी थकव्याचं नाव घेतात. झोपून उठल्यावरही तसाच राहतो तो थकवा.

"गेल्या महिन्यात माझे सगळे रिपोर्ट चांगले आले," आत्या म्हणाली. "आजार शांत आहे, म्हणाले. घरी आले, चप्पल काढली आणि भिंतीला धरून खाली बसले. रिपोर्ट चांगला आणि मी अशी. आता मी रिपोर्टावर विश्वास ठेवू की माझ्या पायांवर?"

"दोन्हींवर. रक्तातला दाह कमी झाला तरी थकवा मागे राहतो, हे ल्युपसमध्ये नेहमी दिसतं. त्याची कारणं एक नसतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ड जीवनसत्त्व आधी बघायचं, ते आपण बघितलं. झोप बघायची. मन बघायचं. आणि स्नायू. वीस-पंचवीस वर्षं कमी-जास्त स्टिरॉइड घेऊन तुझ्या मांड्यांचे स्नायू बारीक झालेत. दुखतं म्हणून तू हलत नाहीस, हलत नाहीस म्हणून स्नायू आणखी झडतात, आणि मग खुर्चीतून उठण्याचंही ओझं होतं. यातली शेवटची गाठ आपल्या हातात आहे. म्हणून व्यायाम."

"मी केला होता व्यायाम," आत्या म्हणाली. "तू तेव्हा शाळेत होतीस."

ही गोष्ट मी अर्धवट ऐकली होती. २००६ साली तिने एका शिबिरात नाव घातलं. शिकवणारे भले गृहस्थ होते, मनापासून शिकवत. सकाळी गच्चीवर, उगवत्या सूर्याकडे तोंड करून बारा सूर्यनमस्कार. आठवडाभरात बाराचे चोवीस झाले. आत्याला कित्येक वर्षांनी आपण काहीतरी करतोय असं वाटलं होतं. नवव्या दिवशी ताप आला, बोटं सुजून बांगड्या निघेनात, गालांवरची लाली नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरली. पुन्हा चाळीस मिलिग्रॅम स्टिरॉइड, पुन्हा सुजलेलं तोंड, पुन्हा महिनाभर अंथरूण.

"त्यानंतर मी ठरवलं," ती म्हणाली, "की माझ्या अंगाला जे कळतं ते मी ऐकणार. दमले की पडणार. आणि कोणी व्यायाम म्हटलं की हात जोडणार."

"तुला व्यायामाने पाडलं नाही गं. उन्हाने पाडलं. ल्युपसच्या कातडीवर ऊन पडलं की आतला आजारही चाळवू शकतो. कोवळं असो की ढगाआडचं, अतिनील किरणं असतातच. त्यात आठवड्यात दुप्पट नमस्कार. निरोगी माणसाचेही खांदे-गुडघे बोलले असते."

"म्हणजे चूक माझीच."

"नाही. तुला कोणी सांगितलं नव्हतं, ही चूक."

ती काही बोलली नाही. मला वाटलं मुद्दा मी जिंकला, आणि त्या भरात मी एक गोष्ट बोलून गेले जी बोलायला नको होती. १९९७ साली पिट्सबर्गच्या डॉ. सुझन मॅन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या बायकांची तुलना साधारण लोकसंख्येतल्या बायकांशी केली. पस्तीस ते चव्वेचाळीस या वयात ल्युपसवाल्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण पन्नासपटीहून जास्त निघालं. "आणि तू म्हणतेस पडून राहणार," मी म्हटलं.

आत्याने कप खाली ठेवला. "मला भीती घालून उभी करणार आहेस का?"

त्या वाक्याने मी भानावर आले. आकडा खरा आहे. पण त्या वयातल्या इतर बायकांना झटका फार क्वचित येतो, म्हणून पट एवढी मोठी दिसते, हे मी सांगितलं नव्हतं. आत्याने तर ते वय केव्हाच ओलांडलं होतं. आमच्या पेशात आकड्यांचा चाबूक करण्याची खोड फार लवकर लागते. दमलेल्या माणसाला चाबूक दाखवला की तो फक्त आणखी दमतो. मी तिची माफी मागितली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"बरं, भीती नको. पुरावा सांगू का?"

"सांग."

मग मी तिला लंडनची चाचणी सांगितली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. ल्युपसचे त्र्याण्णव रुग्ण, कोणाच्याही मोठ्या अवयवात आजार पेटलेला नाही असे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला बारा आठवडे हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम, तोही मुख्यतः घरच्या घरी. दुसऱ्याला अंग सैल सोडून शांत पडण्याचं शिक्षण. तिसऱ्याला यातलं काहीच नाही. शेवटी विचारलं, कसं वाटतं? व्यायामाच्या गटातल्या तेहतीस जणांपैकी सोळा जण म्हणाले, खूप बरं. शांत पडणाऱ्यांत असं म्हणणारे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि काहीच न केलेल्यांत सहाव्या हिश्श्याच्या आसपास.

आत्या हायस्कुलात गणित शिकवायची. तिने लगेच वजाबाकी केली.

"तेहतिसातले सोळा. उरलेले सतरा?"

"त्यांना एवढा फरक पडला नाही."

"मी सतरांतली असेन तर?"

"असू शकतेस. ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. पण पुढे झालेल्या अशा चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा बेताच्या व्यायामाने ल्युपस भडकतो असं दिसलं नाही. म्हणजे करून बघण्यात धोका कमी, आणि निम्म्यांना फायदा."

"आणि शांत पडून राहणाऱ्यांनाही काहींना बरं वाटलंच की."

"वाटलं."

"मग ते तू कागदावर का नाही लिहिलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. विश्रांती मी कागदावर कुठेही लिहिली नव्हती, कारण ती माझ्या लेखी उपचार नव्हतीच. व्यायाम संपल्यावर जी उरते ती विश्रांती, असं मी धरून चालले होते.

आत्याने खिडकीचा पडदा थोडा ओढून घेतला. बाहेर ढग होते, तरीही. "मला दुपारी आडवं व्हायचं असायचं," ती म्हणाली, "तेव्हा या घरात दिवसा बाईमाणूस आडवं होत नसे. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी तसं कधी पाहिलंच नव्हतं. परभणीहून माहेरची कोणी आली की मी उठून बसायची, डोळे धुऊन यायची, झोपले नव्हते असं दाखवायला. दुपारी दोन ते चार दार लोटून पडायला मला सहा वर्षं लागली. सहा वर्षं भांडून मिळवलेले दोन तास आहेत ते. आता तू म्हणतेस मी व्यायाम करू शकते. उद्या घरातलं कोणी म्हणेल, व्यायाम जमतो तर पाहुण्यांचा स्वयंपाक का नाही जमत? तुझा कागद माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहील, बाळा."

बाहेर व्हरांड्यात काका पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज थांबला.

ल्युपसच्याच एका रुग्णाने, अमेरिकेतल्या क्रिस्टीन मिझरँडिनोने, २००३ च्या सुमारास मैत्रिणीला समजावताना हॉटेलच्या टेबलांवरचे चमचे गोळा केले होते. दिवसाचे मोजके चमचे, प्रत्येक कामाला एक द्यायचा, संपले की संपले. जगभरचे रुग्ण आता त्या भाषेत बोलतात. आत्याला मी ती गोष्ट पूर्वी सांगितली होती, पण तिने तिची उपमा स्वतः शोधली आहे. ती इन्व्हर्टर म्हणते. करंट गेला की दोन दिवे आणि एक पंखा. मिक्सर लावलात तर सगळंच बंद.

"इन्व्हर्टरवर तू आणखी एक पंखा लावायला सांगतेस," ती म्हणाली.

"पण स्नायू बॅटरीसारखा नसतो, आत्या. बॅटरी वापरून म्हातारी होते. स्नायू न वापरून."

"हे छान बोललीस. पण सुरुवातीच्या महिन्यात? स्नायू वाढेपर्यंत तो पंखा चालवायला वीज आणायची कुठून?" आणि मग तिने तो प्रश्न विचारला. "तुझ्या त्या लंडनच्या बायका व्यायाम करून घरी बसल्या, तेव्हा त्यांच्या घरी भाकऱ्या कोण थापत होतं?"

मी दहा वर्षं हे काम करतेय. गुडघ्यांचे कोन मोजते, पकड मोजते, सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजते. हा प्रश्न मी एकाही बाईला विचारलेला नव्हता.

घरातलं काम हाच व्यायाम, असं अनेक घरांत सांगतात, आणि ते खोटं आहे हे मी आत्यालाही सांगितलं. ओट्याशी तासभर उभं राहणं, एकाच मनगटाने लाटणं, ओलं पातेलं उचलणं, यात सांधे झिजतात आणि हृदयाला मेहनत पडत नाही. दमल्यावर थांबायची मुभा नसते, कारण डाळ गॅसवर असते. थोडं थोडं वाढवत नेण्याची सोय नसते. पाहुणे आले की दुप्पट, कामवाली आली नाही की तिप्पट. बोटं सुजलेल्या दिवशीही तेवढंच. व्यायामात जे जे हवं ते घरकामात नसतं आणि थकवायला मात्र ते पुरेसं असतं.

"मग पहिलं औषध तिथे लाव," आत्या म्हणाली.

तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. ते मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण ल्युपसच्या बाईला व्यायाम सांगणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, नवरा असो की भाची, आधी तिच्या दिवसातून काहीतरी काढून घेतलं पाहिजे. भरलेल्या ताटात आणखी एक पोळी वाढून तिला आम्ही आहार म्हणतो. वीस मिनिटांचा व्यायाम हवा असेल तर निदान चाळीस मिनिटांचं काम दुसऱ्याच्या अंगावर गेलं पाहिजे. नाहीतर बाई पहिले दहा दिवस जिद्दीने करते, अकराव्या दिवशी पडते आणि दोष स्वतःला देते.

आम्ही कागद कपाखालून काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने लिहायला बसलो. पहिली ओळ आत्याने सांगितली: दुपारी दोन ते चार विश्रांती, व्यायाम झाला असो वा नसो. दुसरी ओळ मी: ओट्याशी उंच स्टूल, चिरणं-निवडणं बसून. तिसऱ्या ओळीला काका आत आले. ते दक्षिण मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, फार बोलत नाहीत. "कोपऱ्यावर संध्याकाळी जोन्ना रोट्टे मिळतात," ते म्हणाले. "गरम असतात. मी आणीन."

ज्यांना हैदराबाद माहीत आहे त्यांना हे दृश्यही माहीत असेल. दिवेलागणीला रस्त्याकडेला बायका चुली मांडतात आणि ज्वारीच्या भाकऱ्या हातावर थापून सरळ गिऱ्हाईकाच्या कागदात देतात. तेलुगूत जोन्ना रोट्टे, आपली भाकरीच. तरी आत्याचा चेहरा बदलला. बाहेरची भाकरी या घरात? चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. व्यायामाला तिचा जेवढा विरोध होता त्याहून हा जास्त होता, आणि तो कोणत्याही पुराव्याने हटणारा नव्हता. शेवटी आठवड्यातून चार संध्याकाळींवर तडजोड झाली. उरलेले तीन दिवस ती थापणार, स्टुलावर बसून.

आता व्यायाम. घरीच का, हे तिला पटवावं लागलं नाही. संजीवय्या पार्कात चालायचं तर पहाटे अंधारात जावं लागतं किंवा ऊन उतरल्यावर, रहदारीतून. जिममध्ये कोण शिंकेल सांगता येत नाही, आणि रोगप्रतिकार दाबणारी गोळी चालू असलेल्या माणसाला साधी सर्दी महागात पडते. घरात सावली असते. पंखा असतो, पलंग चार पावलांवर असतो आणि थांबलं तर कोणी बघत नसतं. २०११ च्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात ल्युपसच्या पंधरा कृष्णवर्णीय स्त्रियांनी टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रावर दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास घरच्या घरी व्यायाम केला होता आणि त्यांचा थकवा उतरला होता. पंधरा बायका म्हणजे फार नव्हे. पण घराच्या चार भिंतींत हे होऊ शकतं एवढं त्यातून कळतं.

आत्याच्या घरात यंत्र नाही. हाताची एक लाकडी खुर्ची आहे, ती आम्ही भिंतीला टेकवून ठेवली, मागे सरकू नये म्हणून. बैठक खाली वाटली तर वर घडी केलेली सतरंजी. पाय खांद्याएवढे लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे वाकायचं, श्वास सोडत उठायचं, मनात चार आकडे मोजत बसायचं. धपकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया, कारण बसतानाच मांडीला खरी मेहनत होते. पहिल्या दिवशी आत्या तीनदा उठली. तिसऱ्यांदा तिच्या मांड्या थरथरताना साडीवरूनही दिसत होत्या. दुसरा प्रकार, ओट्याला धरून टाचा उचलणं. तिसरा, भिंतीला तळवे लावून ढकलणं. मनगट सुजलेलं असेल तर मूठ किंवा कोपरापासूनचा हात टेकवून. आणि चालणं.

चालण्यात मुख्य प्रश्न वेगाचा. आम्ही सांगतो, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले की वेग जास्त. आत्या म्हणाली, एकटीने काय बोलू? आणि मग तिला तिचं सापडलं. व्हरांडा बारा पावलांचा. एका फेरीला एक स्टेशन. लग्न होऊन ती ज्या लाइनीने सिकंदराबादला आली, तीच लाइन उलटी: मलकाजगिरी, बोलारम, मेडचल, कामारेड्डी, निजामाबाद, बासर, धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी. स्पष्ट आवाजात नाव घेता आलं तर पुढची फेरी. पहिल्या आठवड्यात ती मेडचलला उतरत होती.

काकांनी वही केली. तारीख, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, कुठे उतरली, आणि शेवटच्या रकान्यात थकवा, शून्य ते दहा. थकवा मोजता येतो का, असा प्रश्न पडेल. १९८९ साली लॉरेन क्रप आणि सहकाऱ्यांनी नऊ प्रश्नांची जी थकवा-मोजपट्टी केली आणि जी आज जगभर वापरतात, ती ज्या रुग्णांवर तपासली त्यांत ल्युपसचे रुग्ण होते. काकांचा रकाना त्याहून साधा आहे. पण त्यात एक शहाणपण आत्याने घातलं: आकडा व्यायामानंतर लगेच लिहायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचा. आजच्या श्रमाचं बिल उद्या येतं, हे तिला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

याच मुद्द्यावर आमचा पुन्हा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. मला दर आठवड्याला थोडी वाढ हवी होती. आत्याने कुठेतरी वाचलं होतं की इंग्लंडमध्ये थकव्याच्या रुग्णांना वाढता व्यायाम देणं बंद केलं.

"ते वेगळ्या आजारासाठी," मी म्हटलं. "२०२१ साली तिथल्या नाइस या संस्थेने एमई नावाच्या आजारात ठरावीक पायऱ्यांनी वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नका असं सांगितलं. त्यात श्रमानंतर माणूस कोसळतो. ल्युपसमध्ये तसं सरसकट नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपससाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत व्यायाम आहे."

"आजार वेगळा असेल. माणूस तोच ना? आज मला जमलं म्हणून पुढच्या सोमवारी जास्त जमेल, हे ठरवणारी तू कोण?"

मी 'दर आठवड्याला' खोडलं. त्याऐवजी लिहिलं: दुसऱ्या दिवशीचा आकडा सलग पाच दिवस वाढला नाही तर एक फेरी जास्त. वाढला तर दोन फेऱ्या कमी, विनातक्रार. 'दररोज'ही खोडलं, आठवड्यातून चार दिवस. मात्र एका गोष्टीवर मी हटले नाही. अगदी वाईट दिवशीही, पलंगावर पडल्या पडल्या, घोटे फिरवायचे आणि गुडघा आळीपाळीने जवळ घ्यायचा, दोन मिनिटं. आत्या म्हणते हा माझा हट्ट आहे. असेल. पण पूर्ण अंथरुणात गेलेला एक आठवडा भरून काढायला तिला किती आठवडे लागतात, ते मी २००६ पासून पाहिलंय.

आणि कागदाच्या तळाशी लाल पेनाने: ताप, सांध्यावर नवी सूज, छातीत दुखणं, पाय सुजणं, लघवीला फेस, यातलं काही दिसलं तर व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. जांघेत नवं दुखू लागलं तर तेही. स्टिरॉइड वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कधी कधी तुटतो, आणि ते व्यायामाने सुटणारं दुखणं नव्हे.

त्या दिवशी मी निघत असताना आत्याने तिची रोजची गोळी घेतली, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. घरात तिला मलेरियाची गोळी म्हणतात, कारण मुळात ती मलेरियाचीच. मला दर वेळी वाटतं, या गावाचं आणि या गोळीचं काही नातं आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला तो इथेच. बेगमपेटची ती इमारत अजून उभी आहे. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासाला एक आणा या दराने स्वतःला चावून घेतलं होतं. मलेरियाची औषधं ल्युपसला लागू पडतात हे पुढे १९५१ मध्ये लंडनच्या डॉ. फ्रान्सिस पेज यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं आणि तो धागा आत्याच्या डबीपर्यंत आला. २०२० च्या मार्च-एप्रिलात करोनाच्या भीतीने लोकांनी हीच गोळी साठवली. काका मास्क लावून सिकंदराबादच्या दुकानांतून फिरले आणि दोनदा रिकाम्या हाताने परत आले. तेव्हा आत्या एक दिवसाआड गोळी घेत होती. त्या दिवसांचा उल्लेख निघाला की ती अजूनही डबी उघडून आतल्या पट्ट्या मोजते.

"तुला कशासाठी चालायचंय?" मी दारात विचारलं होतं. हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता.

तिने विचार केला नाही. "इसामिया बाजारात. ग्रंथसंग्रहालयात जाऊन कपाटासमोर उभं राहून माझं पुस्तक मला निवडायचंय. हे आणतात ते चांगलंच आणतात. पण मला उभं राहून निवडायचंय."

याला आता अकरा आठवडे झाले. मधे एकदा बोटं सुजली, नऊ दिवस वही कोरी राहिली. आत्याने त्या नऊ दिवसांवर काकांना 'ब्लॉक' असं लिहायला लावलं. थकव्याचा आकडा सातवरून पाचवर आला आहे. काही दिवशी सहा. ती म्हणते हा व्यायामाचा गुण नाही, भाकऱ्यांचा आहे, चार संध्याकाळी ती दमत नाही म्हणून. मी म्हणते दोन्हींचा. खुर्चीतून ती आता आठदा उठते.

काल मी गेले तेव्हा ती बासरला पोचली होती. आवाज स्पष्ट होता, धाप नव्हती. मी म्हटलं, धर्माबाद होईल. ती म्हणाली, होईल, पण आज नाही, आणि खुर्चीत बसली. आमचं त्यावर बोलणं सुरू झालं, तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. आत्याचे हात सवयीने खुर्चीच्या हातांवर गेले आणि तिथेच थांबले. काकांनी वही मिटली आणि ते गॅस बंद करायला आत गेले.